बत्तीस रकान्यांची भिंत: आवर्तसारणी आणि इलेक्ट्रॉन कवचे यांच्या कामाच्या नोंदी

देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या व्हरांड्यात मुलांना हाताळता येईल अशी आवर्तसारणी उभी करण्याचे काम आम्ही जून २०२३ मध्ये हाती घेतले आणि ते फेब्रुवारी २०२४ मध्ये संपले. हेच काम करू पाहणाऱ्या शिक्षकांना उपयोग व्हावा, म्हणून त्या त्या वेळी वहीत केलेल्या नोंदी जवळजवळ जशाच्या तशा येथे देत आहे. चुका गाळलेल्या नाहीत.

१७ जून २०२३

जागा निश्चित केली. प्रयोगशाळेबाहेरची भिंत १४ फूट ६ इंच लांब आहे आणि पावसाचा मारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. नेहमीची १८ गणांची (उभ्या रकान्यांची) सारणी, प्रत्येक मूलद्रव्याला ६ इंचांचा चौकोनी लाकडी ठोकळा, दोन ठोकळ्यांत पाव इंच अंतर, म्हणजे एकूण रुंदी ९ फूट सव्वाचार इंच, असा हिशेब मांडला. लॅन्थॅनाइड आणि ॲक्टिनाइड यांच्या दोन ओळी पाठ्यपुस्तकाप्रमाणे खाली वेगळ्या ठेवायच्या. ठोकळे खिळ्याला टांगलेले असावेत, चिकटवलेले नसावेत, एवढा एकच आग्रह मी धरला, कारण मुलांनी सारणी उतरवून पुन्हा लावली तरच ती त्यांची होईल.

प्रयोगादाखल भिंतीत दहा खिळे ठोकले. भिंत जांभ्याची आहे. गिलाव्याखालचा जांभा भुसभुशीत निघाला आणि चार खिळे हातानेच बाहेर आले. उरलेले १०८ खिळे तूर्त डब्यातच ठेवले.

१ जुलै

९ मिमी जाडीच्या मरीन प्लायचा ८ फूट बाय ४ फूट असा एक तक्ता २,८५० रुपयांना आणला. ९६ इंचांत ६ इंचांचे १६ आणि ४८ इंचांत ८, म्हणजे १२८ ठोकळे होतील, मूलद्रव्ये ११८ आहेत, तेव्हा दहा उरतील, असा हिशेब मी कागदावर करून सुतारकाकांच्या हाती दिला होता. कापणी झाल्यावर ठोकळे भरले १०५. "गुरुजी, करवत पण लाकूड खाता मां," एवढेच ते म्हणाले. प्रत्येक कापात एक सूत (इंचाचा आठवा भाग) लाकूड भुसा होऊन जाते, त्यामुळे लांबीत १५ आणि रुंदीत ७ एवढेच ठोकळे बसले. तेरा कमी पडले आणि ५ इंच एक सूत रुंदीची एक लांब पट्टी उरली. दुसरा तक्ता आणण्याइतके पैसे हाताशी नाहीत. कापणीची मजुरी ९०० रुपये.

दरम्यान पहिल्या वीस मूलद्रव्यांचे ठोकळे रंगवायला मुलांनी सुरुवात केली आहे. मीही त्यांना थांबवले नाही.

८ जुलै

सारणी अशीच का मांडलेली आहे, हे दाखवणारा एक कवचफलक, म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉनांच्या थरांचा फलक, शेजारी असावा, असे ठरले. प्रयोगशाळेतील जुना लाकडी फळा त्यासाठी मिळाला. त्यावर चार समकेंद्री वर्तुळे काढून के, एल, एम आणि एन या कवचांत अनुक्रमे २, ८, १८ आणि ३२ भोके पाडली. कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून दुपटीने घेतला की त्याची धारकता मिळते, या सूत्रावरून हे आकडे घेतले. इलेक्ट्रॉन म्हणून ८ मिमी जाडीच्या गोल काठीच्या खुंट्या कापल्या.

फळ्यावर जाण्याआधी तीच वर्तुळे खडूने जमिनीवर काढून नववीच्या मुलांना इलेक्ट्रॉन म्हणून चिंचोके आतल्या कवचापासून भरायला सांगितले. अरगॉनपर्यंत सगळे सुरळीत चालले: २, ८, ८. एकोणिसावा चिंचोका मुलांनी अर्थातच एम कवचात ठेवला, कारण तिथे दहा जागा रिकाम्या दिसत होत्या. त्यांच्या मांडणीत पोटॅशियम २, ८, ९ झाले. पुस्तकात ते २, ८, ८, १ आहे. सर्वांत बाहेरच्या कवचात आठपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन नसतात, हे पुस्तकी उत्तर मी दिले आणि मुलांनी ते मान्यही केले. मात्र नववीतील एका मुलीने विचारले, "सर, मग एकविसाव्याला परत एममध्ये का जायचं?" स्कँडियम २, ८, ९, २ असते, हे तिने माझ्याच तक्त्यात पाहिले होते. कॅल्शियमनंतर एन कवच दोनावर थांबते आणि एम कवच आठावरून थेट अठरापर्यंत भरत जाते. जस्ताला ते २, ८, १८, २ असे पूर्ण होते. माझ्या फळ्यात यातले काहीच दिसत नव्हते.

दोष मुलांचा नव्हता. कवचात किती मावते हे सूत्र सांगते, ते कोणत्या क्रमाने भरते हे सांगत नाही, आणि सारणीच्या ओळी या क्रमावर तुटतात. केवळ धारकतेवरून ओळी पाडल्या असत्या तर त्या २, ८, १८, ३२ अशा आल्या असत्या. प्रत्यक्षातील ओळी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशा आहेत. साठ भोके पाडण्यात गेलेले दोन दिवस वाया गेले.

२२ जुलै

फळा उलटा केला आणि मागच्या बाजूने नव्याने मांडणी केली. कवचाऐवजी उपकवच, म्हणजे कवचाचा एक भाग, हे एकक धरले. एसमध्ये २, पीमध्ये ६, डीमध्ये १० आणि एफमध्ये १४ जागा. क्रम ठरवण्यासाठी बेरजेचा नियम वापरला: एसला शून्य, पीला एक, डीला दोन, एफला तीन असे अंक द्यायचे आणि ते कवचाच्या क्रमांकात मिळवायचे. ज्याची बेरीज लहान ते उपकवच आधी भरते, आणि बेरीज सारखी आली तर आतल्या कवचातले आधी. ४एसची (चौथ्या कवचातल्या एसची) बेरीज चार येते आणि ३डीची पाच, म्हणून ४एस आधी. ३डी आणि ४पी या दोघांचीही पाच येते, म्हणून तिथे ३डी आधी. अकरावीच्या मुलांना हे बाणांच्या तिरप्या रेघांनी शिकवतात, पण नववीच्या मुलांना बेरीज अधिक लवकर समजली.

खालून वर असा एकोणीस ओळींचा जिना झाला. १एसपासून ७पीपर्यंतची सगळी भोके मोजली तर ती नेमकी ११८ भरली. आपल्याला आज माहीत असलेली मूलद्रव्येही ११८ असल्याने एकही भोक रिकामे राहत नाही आणि एकही कमी पडत नाही. हे मला ठाऊक होते, तरी फळ्यावर मोजताना मी दोनदा मोजले.

पावसाने मात्र काम अडवले. ८ मिमीच्या काठीला ८ मिमीचेच भोक पाडल्यामुळे दमट हवेत खुंट्या फुगून अडकल्या, आणि कार्बनच्या दोन खुंट्या पकडीने ओढताना तुटल्या. साडेआठ मिमीचे ड्रिलचे पाते ९० रुपयांना आणून सगळी भोके पुन्हा मोठी केली. लाकडात काम करणाऱ्यांनी कोकणात पहिल्यापासूनच अर्धा मिमी सैल ठेवावा.

५ ऑगस्ट

जिना उभा राहिला, पण त्यावरून कवचे ओळखता येईनात. ३डी ही ओळ ४एसच्या वर येते, त्यामुळे मुले डीचे इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात मोजू लागली. उपाय म्हणून प्रत्येक भोकाभोवती कवचाच्या रंगाचे कडे काढले: पहिल्याला लाल, दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला हिरवा, चौथ्याला निळा, असे सात रंग. आधी मी खुंट्याच रंगवणार होतो, ते टाळले हे बरे झाले, कारण मग कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या रंगाचा, असा भलताच प्रश्न उभा राहिला असता. आता स्कँडियम लावले की लाल दोन, पिवळे आठ, हिरवे नऊ, निळे दोन असे रंगावरून सहज मोजता येते. कवचांना अक्षरांऐवजी अंक वापरायचे, हेही याच दिवशी ठरले. सहाव्या कवचाचे नाव पी आणि उपकवचाचे नावही पी, हा गोंधळ आणखी वाढवण्यात अर्थ नव्हता.

दुसरी अडचण दहावीच्या वर्गाने दाखवली. लोखंडाचे आयन करा, म्हणजे त्याचे काही इलेक्ट्रॉन काढा, असे सांगितल्यावर मुलांनी सर्वांत शेवटी घातलेल्या, म्हणजे ३डीमधल्या खुंट्या आधी काढल्या. जिन्याच्या नियमाने ते अगदी बरोबर दिसते, पण प्रत्यक्षात चुकीचे आहे. लोखंडाचे २, ८, १४, २ असे संरूपण (इलेक्ट्रॉनांची कवचवार मांडणी) आहे आणि त्यातून आधी चौथ्या कवचातले दोन जातात, तेव्हा २, ८, १४ उरते. तिसरा इलेक्ट्रॉन गेला की २, ८, १३. जूनमध्ये डब्यात ठेवलेले खिळे खाऱ्या हवेने लाल झाले होते, तेच या तिसऱ्या अवस्थेचे उदाहरण म्हणून टेबलावर ठेवले. १८० रुपयांच्या त्या खिळ्यांचा एवढा तरी उपयोग झाला.

फळ्याच्या कडेला आम्ही लिहिले: "भरताना ओळीने, काढताना बाहेरच्या कवचातून." मात्र हे लिहिताना एक गोष्ट मुलांपासून लपवली नाही. बेरजेचा नियम ही एका मूलद्रव्याकडून पुढच्या मूलद्रव्याकडे जाताना वापरायची यादी आहे. एकाच अणूत इलेक्ट्रॉन एकामागून एक येऊन बसतात, असे त्याचे वर्णन नाही. स्कँडियमचे दोन इलेक्ट्रॉन काढले तर उरलेला एक ३डीमध्ये असतो, ४एसमध्ये नसतो. जिना खरा असता तर उलट झाले असते.

१८ ऑगस्ट

आज हेलियम दिन, म्हणून हेलियमचा रंगवलेला ठोकळा समारंभाने लावायचे ठरले होते. त्यावर "शोध: १८६८, विजयदुर्ग" असे मीच लिहून दिले होते. आमच्याकडे हे सगळे जण मानतात आणि किल्ल्यावरील चौथरेही पाहुण्यांना आवर्जून दाखवले जातात. ठोकळा टांगण्याआधी तारखा पडताळल्या आणि तो बाजूला ठेवला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांना सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना दिसली. लॉकयर विजयदुर्गला आले हे खरे आहे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि त्याच्या तीन वर्षे आधी, १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी एका खनिजातून हेलियम वेगळा केलेला होता. ठोकळ्यावर आता "सूर्याच्या वर्णपटात प्रथम दिसला, १८६८" असे आहे. गावातील दोन ज्येष्ठांना हा बदल आवडलेला नाही.

हेलियमची जागा हा याहून कठीण प्रश्न निघाला. जिन्यावर तो १एसमध्ये आहे, म्हणजे त्याने बेरिलियम आणि मॅग्नेशियम यांच्या रांगेत बसायला हवे. पण त्याचे पहिले कवच पूर्ण भरलेले असल्यामुळे वागणुकीने तो निऑनचा सोबती आहे. आम्ही त्याला राजवायूंच्या रांगेत लावायचे ठरवले आणि बेरिलियमच्या डोक्यावर एक रिकामा हुक ठेवला. वाद घालायचा असेल त्याने ठोकळा तिकडे नेऊन टांगावा.

२ सप्टेंबर

कामाला वळण देणारा दिवस हाच, आणि त्याचे श्रेय मुलांचे आहे. ज्या ज्या पी ओळीनंतर नवे कवच उघडते तिथे जिन्यावर सुतळी बांधा, असे सांगितले होते. सुतळ्या २, १०, १८, ३६, ५४, ८६ आणि ११८ या अंकांनंतर पडल्या. पहिल्या पट्ट्यात पी ओळच नाही, म्हणून तिथे सुतळी १एसनंतर बांधली. हे सगळे राजवायू आहेत, हे मुलांनी लगेच सांगितले. मग त्यांनी दोन सुतळ्यांमधील ओळी जमिनीवर खडूने आडव्या मांडल्या: डावीकडे एस, मग एफ, मग डी, उजवीकडे पी. एकोणीस ओळींचा जिना आडवा होताच समोर जी आकृती दिसली ती आवर्तसारणीच होती, फक्त तिच्यात खालच्या दोन वेगळ्या ओळी नव्हत्या. २ अधिक १४ अधिक १० अधिक ६, म्हणजे ३२ रकाने.

आम्ही दोन वस्तू बनवत होतो आणि त्या दोन्ही एकच होत्या. शेवटचा इलेक्ट्रॉन कोणत्या उपकवचात गेला, त्याचाच नकाशा म्हणजे सारणी. फळ्यावरचे प्रत्येक भोक म्हणजे भिंतीवरचा एक ठोकळा. हे मी वीस वर्षे शिकवत आलो आहे, पण हाताने मांडेपर्यंत फळा आणि भिंत वेगवेगळी करायला निघालो होतो.

त्यामुळे बेत बदलला. लॅन्थॅनाइड आणि ॲक्टिनाइड खाली ढकलायचे नाहीत, कारण ते कागदाच्या रुंदीसाठी केलेली सोय आहे आणि भिंतीला ती सोय लागत नाही. मात्र ३२ रकाने ६ इंचांच्या ठोकळ्यांनी १६ फुटांच्या पुढे जातात आणि भिंत साडेचौदा फूट आहे. सुतारकाकांनी मोजून सांगितले की ठोकळा ५ इंचांचा केला आणि मध्ये दोन सूत अंतर ठेवले तर जवळजवळ १४ फूट होतात. शिवाय जुलैत उरलेली पट्टी ५ इंच एक सूत रुंद आहे, तिच्यातून १८ ठोकळे निघतील, म्हणजे कमी पडलेले तेराही भागले. एका निर्णयाने दोन अडचणी सुटल्या, पण १०५ ठोकळे पुन्हा कापावे लागले. त्याची मजुरी ६०० रुपये झाली आणि रंगवलेल्या वीस ठोकळ्यांची अक्षरे कडेने कापली गेली. माप पक्के होण्याआधी रंग लावू दिला, ही माझी चूक.

भिंतीचा प्रश्नही सुटला. शाळेच्या जुन्या कौलारू छपरातून निघालेल्या सात रिपा पडून होत्या. प्रत्येक आवर्ताला, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीला, एक रीप, आणि प्रत्येक रिपेला सहा ठिकाणी प्लग व स्क्रू. त्यामुळे जांभ्यात ११८ ऐवजी ४२ भोकेच पाडावी लागली. प्लग खोल घेतले आणि भोकात सिमेंटचा पातळ घोळ ओतून मग बसवले, त्यामुळे ते हलत नाहीत.

३० सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर हुक बसवले, आणि सहाव्या व सातव्या रिपेवर एकेक हुक जास्त निघाला. बत्तीसऐवजी तेहतीस. दोष कुठे आहे हे शोधण्यात दोन तास गेले. हुकांच्या खुणा मी प्रयोगशाळेतील छापील तक्त्यावरून केल्या होत्या. त्यात यिट्रियमच्या खालच्या एका चौकटीत "५७ ते ७१" असे लिहून ती पंधरा मूलद्रव्ये तळाशी दिली आहेत. एफ उपकवचात जागा मात्र चौदाच. पंधरापैकी एकाला डीच्या रांगेत, यिट्रियमखाली, जायलाच हवे. ते लॅन्थॅनम की ल्युटेशियम, हे अठरा रकान्यांच्या तक्त्याला ठरवावे लागत नाही, कारण ती चौकट प्रश्न झाकून टाकते. बत्तीस रकान्यांच्या भिंतीला तो प्रश्न टाळता येत नाही.

जिन्याने उत्तर एका बाजूला झुकते. झेनॉन ५४, मग ६एसचे ५५ आणि ५६, मग ४एफचे ५७ ते ७०, आणि ५डीचे पहिले भोक ७१, म्हणजे ल्युटेशियम. लॅन्थॅनमच्या अणूत प्रत्यक्षात ४एफमध्ये एकही इलेक्ट्रॉन नसतो, त्याचे संरूपण २, ८, १८, १८, ९, २ आहे, आणि लॅन्थॅनमचा पक्ष घेणारे याच मुद्द्यावर बोट ठेवतात. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अभ्यासगटाने २०२१ मधील तात्पुरत्या अहवालात तिसऱ्या गणात स्कँडियम, यिट्रियम, ल्युटेशियम आणि लॉरेन्सियम ठेवण्याच्या बाजूने मत दिले. आम्हीही तसेच केले. जास्तीचे दोन हुक काढले, भोके पुट्टीने बुजवली.

याच निमित्ताने मुलांना हाफ्नियमची गोष्ट सांगितली. ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य बराच काळ सापडत नव्हते आणि ते दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक असेल असे समजून शोध चालू होता. एफच्या चौदा जागा सत्तरावर संपत असतील तर ७२ ने झिर्कोनियमखाली बसायला हवे, हे कोणालाही हुक मोजून सांगता येते. नील्स बोर यांनी कवचांच्या आधारे ते तसेच सांगितले होते, आणि १९२३ मध्ये कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांना ते झिर्कोनियमच्या खनिजातच सापडले. शहराच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव पडले.

१४ ऑक्टोबर

आता फळ्याची गरज उरलेली नसल्याने इलेक्ट्रॉनची सोय ठोकळ्यांवरच करायची होती. प्रथम प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यात भोक पाडून खुंटी बसवून पाहिली. ९ मिमीच्या प्लायमध्ये आडवी खुंटी टिकत नाही, वारा आला की खाली पडते. शेवटी प्रत्येक ठोकळ्याला खालच्या बाजूस एक लहान हुक लावला आणि इलेक्ट्रॉन म्हणून पडद्याच्या प्लास्टिकच्या कड्या घेतल्या. ११८ कड्या २३६ रुपयांत आल्या. हुकाभोवती कवचाचा रंग आहे. गंधक दाखवायचे असेल तर हायड्रोजनपासून क्रमाने सोळा कड्या अडकवत जायचे, आणि शेवटची कडी जिथे पडते त्या ठोकळ्यावर गंधक लिहिलेले असते. मग रंग मोजायचे: २, ८, ६.

अपवादांनी मात्र दिवसभर छळले. क्रोमियमपर्यंत कड्या लावल्या तर २, ८, १२, २ येते आणि खरे संरूपण २, ८, १३, १ आहे. तांब्याचेही तसेच, २, ८, १७, २ ऐवजी २, ८, १८, १. अशी मूलद्रव्ये सुमारे वीस आहेत. त्यांच्या ठोकळ्यांना लाल कड काढली आणि खरे संरूपण मागच्या बाजूला लिहिले. सर्वांत अवघड ठरले पॅलेडियम. त्याचे संरूपण २, ८, १८, १८ असे आहे, म्हणजे पाचव्या आवर्तात असूनही पाचव्या कवचात त्याचा एकही इलेक्ट्रॉन नाही. जितकी कवचे तितक्या क्रमांकाचे आवर्त, हे वाक्य मी वर्गात दरवर्षी सांगतो. या वर्षी "पॅलेडियम वगळता" अशी जोड दिली.

६ जानेवारी २०२४

दिवाळीनंतरचा सगळा वेळ अक्षरलेखनात गेला. ११३, ११५, ११७ आणि ११८ या ठोकळ्यांवर मुलांनी जुन्या तक्त्यातील अननट्रियमसारखी तात्पुरती नावे लिहिली होती. निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगॅनेसॉन ही नावे २०१६ मध्येच कायम झाली आहेत. चारही ठोकळे घासून पुन्हा रंगवले. १०४ पासून पुढच्या ठोकळ्यांवरील संरूपणे पेन्सिलीने लिहिली आहेत, कारण ती गणिताने काढलेली आहेत. त्यांचे अणू इतके थोडे तयार होतात आणि इतक्या लवकर नष्ट होतात की पडताळणी फार अवघड आहे.

खर्चाचा हिशेब: प्लाय २,८५०, पहिली कापणी ९००, दुसरी कापणी ६००, प्लग आणि स्क्रू २१०, वाया गेलेले खिळे १८०, स्टेनलेस स्टीलचे मोठे आणि लहान मिळून २३६ हुक ९४४, कड्या २३६, रंग १,६४०, ड्रिलचे पाते ९०. एकूण ७,६५० रुपये. दुसरी कापणी, खिळे आणि पाते मिळून ८७० रुपये निव्वळ चुकांचे. पुन्हा पुन्हा लावलेला रंग त्यात धरलेला नाही. वेळेचा हिशेब अधिक लाजिरवाणा आहे: सात महिन्यांपैकी उपयोगी काम जेमतेम अडीच महिन्यांचे असेल.

दुसऱ्या कोणी हे करायचे ठरवले तर आधी जमिनीवर खडूने पूर्ण ३२ रकाने आखावेत, त्यात ११८ चिंचोके ठेवून पाहावेत आणि त्यानंतरच सुताराकडे जावे. जागा लहान असेल तर ४ इंचांचा ठोकळाही चालतो, मात्र मग मराठी नाव, चिन्ह, अणुअंक आणि संरूपण हे सारे पुढच्या बाजूला मावत नाही.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिनी सगळे ठोकळे उतरवून एका पेटीत मिसळले आणि आठवीच्या मुलांना परत लावायला दिले. ठोकळ्याच्या मागे अणुवस्तुमानही असल्यामुळे एका गटाने त्या क्रमाने लावायचे ठरवले. त्यांचे पोटॅशियम अरगॉनच्या आधी आले आणि राजवायूंच्या रांगेत जाऊन बसले. आयोडीन टेलुरियमच्या जागी गेले आणि कोबाल्ट-निकेलचीही अदलाबदल झाली. वस्तुमानाऐवजी अणुअंक हाच खरा क्रम आहे, हे मोझली यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांवरून दाखवले. त्या गटाने मात्र ठोकळा उलटा करून पुन्हा पुढची बाजू वाचली आणि तेवढ्यावरच चूक सुधारली. पूर्ण भिंत लागायला ५२ मिनिटे लागली. दोन ठोकळे कमी भरले. एक पेटीच्या तळाशी सापडला. दुसरा, ॲस्टाटिनचा, अजून मिळालेला नाही, आणि तिथे सध्या पुठ्ठ्याचा तुकडा टांगला आहे. हेलियम आज बेरिलियमच्या डोक्यावर लटकत होता. तो कोणी नेला हे विचारले नाही.

शिल्लक कामे: सातव्या रिपेचे उजवे टोक थोडे खाली झुकले आहे, पावसाळ्याआधी तिथे सातवा स्क्रू घालायचा आहे. निळा आणि जांभळा रंग संध्याकाळच्या उजेडात सारखेच दिसतात, त्यामुळे चौथे आणि पाचवे कवच मोजताना चुका होतात. पाचव्याला करडा रंग देऊन पाहणार आहे.